इंदापुरात गोरी झालेली प्रवाळं

लासुर्णे,
१२ ऑक्टोबर १९९८

तीर्थस्वरूप दादासो यांच्या पायांशी धाकटा चुलतभाऊ राम याचा लासुर्ण्याहून दंडवत. इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे म्हैस बरी आहे, गोजरकाकूंचे गुडघे होते तसेच आहेत, आणि आबांच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला आता बांधापलीकडचा ऊस कुणाच्या बैलानं खाल्ला तेही दिसतं. तुमची, वहिनींची आणि छकुलीची प्रकृती अंकलेश्वरच्या हवेत कशी आहे ते कळवावे. (थोरल्याला पत्रात अहो-जाहो करायचं असतं, ते करून झालं. तुझ्या पाठीवर बसून विहिरीत पोहायला शिकलो, त्यामुळे पुढचं सगळं तू-तू करून लिहितो.)

मी जूनपासून इथंच आहे. मे महिन्यात लक्षद्वीपच्या पाण्याखाली असताना उजव्या कानात जे दुखणं शिरलं ते निघायला तयार नाही, आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरायची बंदी घातली. तेव्हा समुद्राचा अभ्यास करणारा माणूस चार महिने उसाला पाणी देतो आहे. येणारा-जाणारा विचारतो, समुद्रात नक्की काय करता? पहिल्या महिन्यात मी सांगायचो की प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, तिळाएवढ्या जिवांची वस्ती आहे. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती राहतात, त्याच त्यांना रंग देतात आणि खायलाही घालतात. आणि पाणी काही आठवडे अंशभर जरी जास्त तापलं तरी त्या वनस्पती निघून जातात, प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी राहतं. ऐकणारा शेवटी विचारायचा, मग पगार कोण देतं? दुसऱ्या महिन्यापासून मी 'सरकारी नोकरी' एवढंच सांगतो. सगळ्यांचं समाधान होतं.

तुला मात्र खरं सांगतो. फेब्रुवारीत मी तिथली साठ प्रवाळं निवडून प्रत्येकाजवळ क्रमांकाची पाटी धरून फोटो काढले होते. तपकिरी, हिरवी, जांभळी. मे महिन्यात त्याच साठांचे फोटो पुन्हा काढायला उतरलो तर चुना फासल्यासारखी पन्नासच्या वर पांढरी. मी पाण्याखाली रडलो. (मुखवट्यात रडून उपयोग नसतो, काच धूसर होते आणि फोटो हलतो.) सप्टेंबरअखेर अहवाल द्यायचा होता. तो फोटोंसह गेला नाही तर काम बंद, आणि त्या साठांतली किती जगली हे बघायला पुन्हा कुणी जाणार नाही, एवढं सोपं होतं.

आता चूक कुठं झाली ते ऐक. आमच्या संस्थेत रोल धुवायला तीन सह्या लागतात आणि तिन्ही सह्या उन्हाळी सुटीवर होत्या. म्हणून मी सगळे रोल इंदापूरच्या स्टँडसमोरच्या सर्जेरावांकडे दिले. सर्जेराव म्हणजे तुझ्या लग्नाचे फोटो काढणारे; ज्यात तू इतका गोरा आला होतास की वहिनींच्या मावशीनं नवरदेव बदलला का म्हणून विचारलं होतं. हे सगळं आठवत असूनही मी रोल दिले. थकलेला माणूस जवळचं दुकान बघतो.

सर्जेराव जबाबदारीचा माणूस. रोल घेऊन ते स्वतः एसटीनं बारामतीच्या कलर लॅबमध्ये गेले, मशिनवाल्याच्या शेजारी दिवसभर बसले आणि एकेक फोटो जातीनं सुधारून घेतला. जी प्रवाळं पांढरी होती ती त्यांना 'उडालेली' वाटली, म्हणून त्यांत रंग भरायला लावला. जी तपकिरी होती ती सावळी वाटली, म्हणून नवरीला करतात तशी उजळ केली. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक काळी पाटी मध्येच येत होती, ती कापून टाकली. मग एकशेवीस फोटो, फेब्रुवारी आणि मे एकत्र करून, 'शुभविवाह' छापलेल्या अल्बममध्ये लावून माझ्या हातात दिले. मी पान उलटत होतो आणि ते माझ्या तोंडाकडे कौतुकाच्या आशेनं बघत होते. 'सायेब, तुमचा क्यामेरा जरा बघून घ्या, निम्मे फोटो वाया गेले व्हते. म्या वाचवले.' निगेटिव्ह मागितल्या. त्या त्यांनी सुरक्षित म्हणून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या आणि डबा गळक्या पन्हाळीखाली. सगळ्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटून त्यांची वडी झाली होती. दादा, मला रागसुद्धा आला नाही. त्यांच्याकडचा चहा पिऊन मी लासुर्ण्याच्या गाडीत बसलो.

माझ्या वहीत क्रमांकावार सगळी नोंद होती: कोण पांढरं, किती टक्के, पाण्याचं तापमान किती. प्रत्येकाचं वेडंवाकडं चित्रही होतं. पण फोटोला क्रमांक नाही, म्हणजे तो कुणाचाच नाही. आठवडाभर ओसरीवर फोटो पसरून बसलो. नऊ जोड्या लागल्या, त्यातल्याही चार नंतर चुकीच्या निघाल्या. गोजरकाकूंनी फोटो बघून हे कोबीचं पीक कुठलं म्हणून विचारलं. मी अल्बम ट्रंकेत टाकायला उठलो, तेव्हा आबा खांबाला टेकून म्हणाले, 'ह्यो आन ह्यो एकच हाय.'

तुला माहीतच आहे. कोकणातून परतताना धनगरांच्या दोन वाड्यांची मेंढरं मिसळली की निवडायला आबांनाच बोलवायचे. खूण नाही, आकडा नाही, नुसतं तोंड बघून. ते उकिडवे बसले. रंगाकडं बघितलंच नाही. (मोतीबिंदूमुळं दोन वर्षं त्यांना रंग नीट दिसत नव्हते, तेव्हा सर्जेरावांच्या रंगांचा त्यांना काही त्रास झाला नाही.) हिचा खांदा पडलाय, हिच्या डोक्यात खाच हाय, ही लंगडी, असं म्हणत दोन दुपारींत त्यांनी साठांतल्या सत्तावन्न जोड्या लावल्या. उरलेल्या तीन मीच नीट काढल्या नव्हत्या. जोडीतला आधीचा फोटो कुठला आणि नंतरचा कुठला, हेही त्यांनी सांगितलं. नंतरच्यात मेलेल्या कडेवर शेवाळ चढायला लागलं होतं. मी वहीतली चित्रं घेऊन ताडून बघितलं. एकही चुकली नाही.

मग त्यांनी विचारलं, ही पांढरी का पडली? मी तोच जुना पाढा म्हटला. तिळाएवढे जीव, आतल्या वनस्पती, पाणी तापणं. पगार कोण देतं असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, 'म्हंजी चारा गेला.' मी म्हटलं, व्हय. दादा, चार महिन्यांत हे एका वाक्यात समजलेला हा पहिला माणूस, आणि त्याला का समजलं तेही मला माहीत आहे. ब्याण्णव साली आबा जेजुरीला गेले असताना तू सगळी मेंढरं विकलीस. चौफेर ऊस झाला होता, चरायला जागा उरली नव्हती; तू चूक केलीस असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर आबा पोटच्या पोराशी, म्हणजे तुझ्याशी, कामापुरतंच बोलतात याचं मला वाईट वाटतं.

अहवाल वेळेत गेला. 'छायाचित्रांतील रंगांवर विश्वास ठेवू नये' असं वाक्य लिहायची पाळी आली. साहेबांचं उत्तर आलं की काम पुढं चालू ठेवण्यास मंजुरी आहे आणि प्रवाळांची प्रकृती फोटोंत उत्तम दिसते. म्हणजे अहवाल वाचला नाही, फोटो बघितले. सर्जेरावांना मी हे सांगितलं. ते साहेबांचं पत्र फ्रेम करून दुकानात लावायला मागत आहेत.

घरात सर्वांना नमस्कार, छकुलीला पापा.

तुझा,
राम

ता. क. दिवाळीला येताना काकूंच्या गुडघ्यांचं ते तिकडचं मलम आण. इकडच्यानं नुसता वास येतो.

ता. क. दुसरा. पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहिलंच. त्या साठांतली किती जगली हे बघायला मला दिवाळीनंतर जायचं आहे. प्रवाळांजवळ तळाला ठोकलेले खुणेचे बिल्ले पावसाळी लाटांनी गेले असणार आणि मला नुसत्या तोंडावरून ओळखता येत नाही हे सिद्ध झालंच आहे. तिथं तळाला काच बसवलेली होडी मिळते; माणसानं नुसतं बसून खाली बघायचं. आबांना 'गावाबाहेर हलवू नका' असं तू एप्रिलमध्ये लिहिलं होतंस. डोळ्यांचे डॉक्टर हरकत नाही म्हणतात. तर तुझी परवानगी लगेच कळव.

ता. क. तिसरा. परवानगी राहू दे. आबांनी पत्र वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाले, दिवाळीला तो आला की आडवा यील, परवाच निघू. बेटावर जायला पोलिसांचा दाखला लागतो असं मी मागं एकदा बोललो होतो. तो त्यांनी गेल्याच महिन्यात इंदापुरातून काढून घोंगडीच्या घडीत ठेवलाय. भिगवणहून पुण्याची गाडी पकडतोय, म्हणजे हे तुझ्या हाती पडेल तेव्हा आम्ही बेटाची बोट धरायला कोचीच्या वाटेवर असू. तुला काय लिहू असं विचारलं, तर म्हणाले, 'ल्ही, मेंढरं इकताना मला कुणी इचारलं न्हवतं, आता मीबी इचारत न्हाय.' मी एवढं लिहून पाकीट चिकटवत होतो, तर थांबवलं. 'आन म्हणावं, मी मागारी आल्यावर हितं माझ्याजवळ बस. कोणकोण जगलं ते एकेकाचं सांगतो.'