दोनशे चाळीस कागद

४ जानेवारी २०२५, शनिवार

"हात हलतोय, बाई हलत नाही!" — धैर्यशील सर, अख्ख्या अॅनिमेशन क्लाससमोर. चोवीस चित्रं परत काढ म्हणाले. चोवीस! पडद्यावर फक्त दोन सेकंद. चार दिवस मान मोडून काढलेली होती.

माझी फिल्म वीस सेकंदांची. सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे दोनशे चाळीस कागद. आई चुलीपुढं भाकरी थापते. मधेच हात थांबतो, मान वळते, दाराकडं बघते. दारात कुणी नाही. परत भाकरी. संपलं. ऐकायला एवढंसं, पण नुसती मान वळायला एकवीस कागद लागतात.

पंचवीस तारखेला सांगलीत क्लासचं प्रदर्शन. पुण्याच्या स्टुडिओची माणसं येणार, दोघांना तिकडं शिकायला नेणार. पप्पांनी साफ सांगितलंय — "निवड झाली तर जा. न्हाईतर क्लास बंद, आन् पावणं येतील त्यांच्याम्होरं गुमान बसायचं." फौजेतनं रिटायर झाले, पण हुकूम काही सुटला नाही!

६ जानेवारी

आष्टा ते सांगली एसटीत उभी. कागद पिशवीतनं काढायचीही सोय नाही. कंडक्टरची चार चौकटींची कॉमिक तेवढी वहीच्या पुठ्ठ्यावर काढली — चौथ्या चौकटीत तो स्वतःलाच तिकीट फाडतो. दीपमाला हसून हसून लाल. क्लासमध्ये तीच एक मैत्रीण. बाकी दिवस पाण्यात.

९ जानेवारी

दोनशे अठरा झाले.

आई मागं येऊन उभी. "सारखं मलाच काय काढतीस गं? मी काय लय देखणी हाय व्हय?" म्हटलं, तू फुकट मिळतीस म्हणून. हसली. मग म्हणाली, "पुण्याला किती दिस असतंय शिकणं?" दोन वर्षं, म्हटलं. "मग येतीस न्हवं परत?" मी तिच्या पदराचा काठ गिरवत होते. काय उत्तर दिलं आठवत नाही. बहुतेक दिलंच नाही.

१२ जानेवारी, रविवार

झाले!! दोनशे चाळीस!!

प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं नंबर घातला. गठ्ठा हातात धरून अंगठ्यानं फर्रर्र सोडला — आणि आईची मान वळली. खरंच वळली! खोलीत एकटीच ओरडले. पप्पा बाहेरनं, "काय झालं गं, पाल पडली का?"

फोनवर चार-पाच कागदांचे फोटो काढून बघितले. कागद वाकडे येतात, आणि तसले सर बघतसुद्धा नाहीत. शनिवारी क्लासच्या कॅमेऱ्याखाली, एकाच उजेडात, ओळीनं टिपायचे. तोवर साडीच्या खोक्यात, कपाटावर. पहिल्यांदा वाटतंय की जमेल.

१३ जानेवारी, भोगी

जाळले.

१४ जानेवारी

काल लिहवेना. आज संक्रांत. लोक गोड बोला म्हणतायत.

भोगीचं न्हाणं, म्हणून आईनं पहाटेच बंब पेटवला. चिपाडं भिजलेली, धूरच नुसता. कागद घातले की भडकतो. मी उठून परसात आले तर खोका रिकामा आणि बंबाच्या तोंडाशी काळे पापुद्रे. एकावर बांगडीची अर्धी रेघ दिसत होती. हात लावला, मोडला.

"आगं एकच चित्र हुतं की समदं! मला वाटलं बिघडल्याली हायती. चांगलं आल्यालं एक ठिवलंय बघ." असं म्हणून तिनं एक कागद हातात दिला. नंबर सतरा. मान खाली, भाकरी थापतेय. दार यायच्या कितीतरी आधीचा.

मी ओरडले. नको नको ते बोलले. अडाणी म्हणाले. आईला! ती ओल्या केसांनी तशीच उभी राहिली. पप्पा म्हणाले, "झालं ते झालं. कागदच हायती." कागदच!

मग त्याच पाण्यानं मला न्हायला लावलं. सणाचं पारोसं राहू नये म्हणून. दोन महिन्यांचं काम तांब्यातांब्यानं डोक्यावर ओतून घेतलं. जेवायला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. गिळली.

१८ जानेवारी, शनिवार

सरांना सांगितलं. बराच वेळ चष्मा पुसत बसले. "बघणाऱ्याला सारखीच दिसतात गं ती. आईचा काय दोष? सात दिवस आहेत, जमतंय का बघ." सात दिवसांत दोनशे चाळीस! बसले तरी.

२१ जानेवारी

त्रेपन्न. मनगट सुजलंय. आई हळद उगाळून घेऊन आली, मी हात मागं घेतला. वाटी तिथंच ठेवून गेली.

मान वळत नाही. तेव्हा कशी वळली होती तेच आठवत नाही.

२३ जानेवारी

सोडलं.

२५ जानेवारी, शनिवार

प्रदर्शन. माझं नाव यादीतच नव्हतं. तरी गेले, कशाला गेले कुणास ठाऊक. दीपमालाची निवड झाली. मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, बहुतेक. ती गळ्यात पडून रडली, आणि मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं. असली मी!

एसटी उशिरा. घरी आले तर आई दारात. "आलीस?" एवढंच.

२ फेब्रुवारी, रविवार

तासगावचे पाहुणे. पोहे, मान खाली, नाव सांग, शिक्षण सांग. पप्पांचा आवाज एकदम मऊ.

आईनं तो सतरावा कागद आणून दाखवला. "पोरीच्या हातात लय कला हाय." मुलानं उलटा धरला, मग सुलटा. म्हणाला, "छंद चांगला आहे." छंद!! त्यांना मुलगी पसंत आहे म्हणे. मला काही वाटलं नाही. राग यायला हवा होता, तोही नाही.

पेन्सिलींचा डबा दीपमालाला देऊन टाकणार आहे.

३ फेब्रुवारी

आज आईशेजारी चुलीपुढं बसले. म्हटलं, तुला अडाणी म्हणाले, चुकलं माझं. सगळी सारखीच दिसली तुला, त्यात तुझा काय दोष?

ती थापत राहिली. मान वर केली नाही.

"सारखी कुठं हुती? समदी बघितली मी, येकयेक. दारात कोण येतंय म्हणून बघत गेले, पार शेवटच्या कागदापातूर. तू आलीच न्हाईस. मग लावली बंबाला."