होड्यांचा वेग

४ जानेवारी १९९८, रविवार. रोहा

गेम सुरू व्हायच्या आधीच संपला! अण्णांचं बोट की-बोर्डपर्यंत पोचलंसुद्धा नव्हतं. स्क्रीनवर नदी आली, दोन होड्या आल्या, आणि पापणी लवायच्या आत दोन्ही खडकावर. परत लावला. परत तेच.

कान्हूकाका म्हणाले, "ह्या नव्या मशिनीला कसली घाई हाय गो एवढी?"

अण्णा काही बोलले नाहीत. बोलतच नाहीत. दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून उजवा हात लुळा, आणि तोंडात दोनच शब्द — "हां" आणि "नको". डॉक्टर म्हणतात, बोटं हलवत ठेवा. आई हातात रबरी चेंडू देते. तो खाटेखाली सोडून देतात.

पण ह्या गेमचं नाव काढलं तर डोळे हलले होते! धाटावच्या कंपनीत, स्टोअरमध्ये पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा अण्णा तिथे क्लार्क आणि कान्हूकाका हेल्पर. डबा खाऊन झाला की दोघं एकाच की-बोर्डवर होड्या चालवायचे. डावी काकांची, उजवी अण्णांची. जो आधी खडकावर आपटेल तो हरला. तो कॉम्प्युटर भंगारात निघाला तेव्हा काकांनी गेमची मोठी फ्लॉपी मागून घेतली आणि पेणला घरी कपड्यांच्या ट्रंकेत ठेवली. मीच ती पेणच्या कॉम्प्युटर दुकानातल्या अमोलकडून छोट्या फ्लॉपीवर उतरवून घेतली. वाटलं, झालं काम!

मी जिथे शिकवते त्या कॉम्प्युटर क्लासचं पेंटियम मशीन गावातलं सगळ्यात नवं. त्यावरच ही गत.

७ जानेवारी

अमोलला दुकानात फोन केला. म्हणाला, "अगं, जुन्या गेमला घड्याळ कळत नाही. मशीन जेवढं पळेल तेवढी होडी पळणार. तेव्हाचं मशीन बैलगाडी होतं, तुझं विमान आहे."

विमानाची बैलगाडी कशी करायची ते मात्र त्यालाही माहीत नाही.

११ जानेवारी, रविवार

कॅबिनेटवर 'टर्बो' लिहिलेलं बटण आहे! वेग कमी करायचंच बटण. दाबलं. दिवा विझला, होड्या तशाच खडकावर. नंतर क्लासचे सर हसले — "त्याची वायर कुठेच जोडलेली नाही. शोभेला आहे ते."

काका पेणहून एस.टी.ने येतात, तासभर बसतात, अण्णांना कंपनीतल्या गोष्टी सांगतात. अण्णा "हां" म्हणतात.

१४ जानेवारी

संक्रांत. अण्णांनी तिळगूळ डाव्या हाताने घेतला.

१९ जानेवारी

बोलणी खाल्ली. काल मशीनच्या सेटअपमध्ये जाऊन त्याला वेग देणारी कॅश मेमरी बंद केली. वेग कमी झाला खरा, पण इतका, की होड्या गाळात रुतलेल्या म्हशींसारख्या! काका म्हणाले, "ही होडी पोचेस्तोवर मी पेणला जाऊन येतो." आम्ही दोघं हसलो. अण्णा उठून दाराकडे बघायला लागले — घरी चला.

त्या नादात कॅश परत चालू करायची विसरले. आज सकाळच्या बॅचला विंडोज उघडता उघडेना. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "शिकवायचं मशीन आहे हे, अपेक्षा मॅडम. खेळायचं नाही."

दुपारी एकटी जाऊन त्यांना अण्णांचं सगळं सांगितलं. सरांनी चावी पुढे केली. "रविवारी या. सोमवारी मशीन जसंच्या तसं पाहिजे."

१ फेब्रुवारी, रविवार

चालला!!

अमोलला कुठल्याशा मासिकाच्या सीडीवर एक छोटासा प्रोग्राम सापडला. डॉसमध्ये तो आधी चालू करायचा, एक आकडा द्यायचा, मग गेम. आकडा जेवढा मोठा तेवढं मशीन सुस्त. आकडे बदलत बसले. आणि एकदम नदी नदीसारखी वाहायला लागली.

अण्णांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि की-बोर्डवर ठेवला. "अण्णा, डाव्यानेच खेळा ना," म्हटलं. "नको." त्यांची बाजू उजवी, हात उजवा. बोट दाबलं गेलं, पण उशिरा. हरले. परत हरले. पण उठले नाहीत!

८ फेब्रुवारी, रविवार

काका म्हणाले, "अजून जरा हळू कर गो. तुझ्या बापाला जमत नाय." केला.

१५ फेब्रुवारी, रविवार

सगळे डाव अण्णा जिंकले. काका सरळ सरळ खडकावर जात होते. मला आवडलं नाही ते. स्टँडवर सोडताना बोललेच — "काका, मुद्दाम हरू नका. त्यांना कळतं सगळं."

"मुद्दाम कशाला? तुझा बापूस आता चलाख झालाय."

पायरी उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. थकतात बिचारे, एवढ्या लांबून येऊन.

२० फेब्रुवारी

अण्णांनी उजव्या हाताने चमचा धरला! वरण सांडलं सगळं. आई पुसत होती आणि रडत होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

काकांनी परत तेच — "हळू कर." मी नाही केलं. डॉक्टर तर म्हणतात, आता बोटांना जरा जास्त काम द्या. पुढच्या रविवारी कुणाला न सांगता वेग वाढवणार आहे.

१ मार्च, रविवार

वाढवला. जुन्या मशीनवर असेल तेवढाच, जास्त नाही. अण्णांची होडी काय सुरेख वळत होती! काका मात्र पहिल्याच खडकावर. दुसऱ्या डावात पण. तिसऱ्या डावात अण्णांनी काकांकडे पाहिलं, कीवरून बोट उचललं आणि होडी खडकावर जाऊ दिली. पुढचे सगळे डाव तसेच.

"दमलात का?" विचारलं. "नको," म्हणाले. म्हणजे काय, ते कळलं नाही.

२ मार्च

सकाळी चहा द्यायला गेले तर अण्णांनी माझं मनगट धरलं. उजव्या हाताने. खूप वेळ ओठ हलवत राहिले. मग एकेक शब्द ढकलत बाहेर काढला —

"हळूच... ठेव. कान्हूला... दिसत नाय."

मी दुसऱ्या हाताने कप खाली ठेवला.

"डॉक्टरकडं... ने त्याला. मी... येतो संगं."