सड्यावर काय असतं?

बाबा, मी तुझी थोरली. तुला जाऊन इतके पावसाळे झाले की तुझा आवाज आठवायचा तर मला आधी तुझा खोकला आठवावा लागतो. अक्षर मला येत नाही, तुलाही येत नव्हतं, तरी हा कागद चाललाय. मी बोलते, नात लिहिते. ती कॉलेजात शिकली आहे. माझं मालवणी शुद्ध करते आणि शिव्या गाळते. तुला कुणी हे वाचून दाखवलं तर वाटेल, लेक मरायच्या आधी सुधारली.

आपला सडा आठव. खाली समुद्र, वर मैलभर उघडा कातळ, अलीकडे माझं माहेर, पलीकडे सासर. त्या कातळावर तू लोकांच्या जमिनींभोवती गडगे रचायचास, चिऱ्यावर चिरा, मातीचा कण न लावता. आणि दर वीस पावलांवर बुडाशी हातभर भोक सोडायचास. मी आठ वर्षांची असेन. तुझं काम अर्धवट राहिलं असं समजून मी दिवसभर दगड गोळा करून तुझी तीन भोकं बुजवते, आणि शाबासकीसाठी तुझ्यापुढे उभी राहते. तू विडी बाजूला ठेवतोस. "तुका कोणी सांगल्यान बुजवूक? साळिंदर काय तुका इचारून तळयेर जातलो?" तिन्ही भोकं तू माझ्याच हातांनी मोकळी करून घेतलीस. झाडीतून तळीकडे जाणाऱ्यांची ती वाट होती: साळिंदर, ससे, घोरपडी. वाट त्यांची, दगड आपले, एवढंच तुझं म्हणणं.

आता त्या सड्यावर पवनचक्क्या आहेत, ताडामाडांहून कितीतरी उंच. पंख्यांशी माझं भांडण नाही. वाऱ्यावर वीज होते, धूर होत नाही, हे नातीनं समजावलं आणि मला ते पटतं. पंखा उभा राहतो तो आपल्या घरापुढच्या खळ्याएवढ्या जागेत. पण त्याचं ते लांबलचक पातं वर न्यायला रस्ता लागतो, दर पंख्याला वेगळा फाटा लागतो, आणि तो नेताना यांनी कातळ पुरुषभर खोल कापलाय, कडेनं तारेचं कुंपण घातलंय. तव्याला चिकटलेला घावन उलथताना फाटतो, तसा सडा फाटलाय. झाडी एका तुकड्यात, तळी दुसऱ्या. उघड्या कातळावर अंडी घालणारी टिटवी आता खडीच्या ढिगावर ओरडत बसते. डुकरं वाट चुकून थेट आंब्याच्या बागेत उतरतात आणि मग लोक डुकरांनाच शिव्या देतात.

मागच्या महिन्यात मी शेण्या आणायला वर गेले, तर पंख्याखाली काकण पडलेला. आपला तो पांढऱ्या पोटाचा गरुड, समुद्रावरून मासे उचलणारा. एक पंख मुळातून तुटलेला, डोळ्यांत मुंग्या. चौकीदार आला, फावड्यानं त्याला गटारात ढकललं, वर खडी टाकली. म्हणाला, "आजी, सायब येतत, घाण दिसाक नको." घाण! किळस मलाही आली. मेलेल्या पाखराची नव्हे रे, त्या फावड्याची. ज्या हातानं तो खडी ओढत होता त्याच हातानं त्यानं मग तंबाखू मळली आणि मलाही देऊ केली.

आता उरलेल्या अर्ध्या सड्यावर पंख्यांची दुसरी रांग यायची आहे. तीही रस्त्यांसकट. सोमवारी सुनावणी आहे. नातीनं हरकतीचा अर्ज केला, तर कचेरीतल्यांनी पहिल्या रांगेच्या वेळचा पाहणीचा कागद तिच्या हातात दिला. त्यात लिहिलंय की गावातल्या एका जाणत्या वृद्ध महिलेच्या सांगण्याप्रमाणे सड्यावर वन्यप्राणी नाहीत. खाली अंगठा. पोरगी घरभर आदळआपट करत होती. "कोण गो ही शाणी म्हातारी? गावली तर तिका सड्यार नेवन बसवतंय!" मी काजू सोलत होते. सोलत राहिले.

ते पाहणीचे साहेब आमच्या खळ्यात आले होते, बाबा. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. माझा मुलगा होता, शेजारपाजारचे जमले होते. साहेबानं विचारलं, "आजी, सड्यावर काय असतं?" मला सगळं ठाऊक होतं. कुठली घोरपड कुठल्या चिऱ्याखाली राहते तेसुद्धा. पण माणसं जमली की माझी जीभ कुठे गप्प बसते? म्हटलं, "काय असतलां? कातळ, नि माझ्या सासवेचां भूत. त्या भुतान बाकी सगळ्यांका कधीच पळवून लावल्यान!" असं हसले सगळे! साहेबानं तर चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यानं काहीतरी लिहिलं आणि शाई पुढे केली. मी हसत हसतच अंगठा दिला.

इथे नातीचं पेन थांबलंय. माझ्याकडे बघते आहे, आणि यातलं काही गाळून लिहील अशी तिची नजर नाही. "लिही गो," म्हटलं, "थांबलस कित्याक?" ती म्हणते, "आजये, सोमवारी तू येतलस. सगळ्यांसमोर सांगतलस." येईन म्हटलंय. हा कागद काही तुला धाडायचा नाही, चारचौघांत बोलायच्या आधी ते एकदा कुठेतरी बोलून बघायचं होतं.

सांगायला मी घाबरत नाही, बाबा. पण तिथेही खुर्च्या भरलेल्या असतील, साहेब गोड बोलेल, विचारेल, "आजी, तेव्हा असं का बोललात?" आणि माझ्या तोंडाशी आत्ताच सगळ्यांना हसवील असं एक झकास उत्तर येऊन बसलंय.