पडद्यावरचा घोट

प्रिय विजूवहिनी,

पत्र बघून दचकू नकोस, अप्पा बरे आहेत. दिवाळीत तुम्ही राजगुरुनगरला बिऱ्हाड केलंत, त्यानंतर मी त्यांना निघोज्याहून चाकणला माझ्याकडे आणलं, हे गणादादाने सांगितलंच असेल. दुपारी ते आमच्या हॉस्पिटलच्या आवारातल्या बाकावर शिफ्टच्या बसेस बघत बसतात. महाळुंग्याची बस आली की उठून उभे राहतात. तीस वर्षं त्याच बसने कंपनीत जायचे, ती सवय.

आमच्या एक्स-रे विभागात महिन्यापूर्वी नवीन मशीन आलं. जुनं नुसता फोटो काढायचं. पेशंटने श्वास रोखायचा आणि मी बटण दाबायचं. नव्यावर फोटो निघतोच, शिवाय शरीराच्या आत जे हलतं ते हलत असतानाच पडद्यावर दिसतं. कुणी घोट गिळला तर तो उतरताना दिसतो.

मे महिन्यात अप्पांना तीन महिन्यांत दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी विचारलं, जेवताना खोकतात का? मी म्हटलं, खोकतात, पण ते जुनंच आहे. त्यांनी गिळण्याची तपासणी लिहून दिली.

ती परवा मंगळवारी केली. अप्पांना मशीनकडे खांदा करून खुर्चीत बसवलं. डॉक्टर शिशाचा एप्रन घालून त्यांच्याजवळ, मी काचेमागे. आधी बेरियम कालवलेलं घट्ट दही दिलं. पडद्यावर काळा गोळा जिभेवरून मागे सरकला आणि अन्ननलिकेत नीट उतरला. मग तेच बेरियम पाण्यासारखं पातळ करून दिलं. या वेळी घोट फुटला. बराचसा खाली गेला, आणि एक बारीक काळी धार श्वासनलिकेत उतरली. त्यानंतर खोकला. डॉक्टर म्हणाले, पॅरालिसिसचा लहानसा झटका कुणाच्या लक्षात न येता कधीतरी येऊन गेला असणार. घट्ट चालेल, पातळ नाही.

मी अप्पांना त्याचं रेकॉर्डिंग पुन्हा लावून दाखवलं. त्यांनी दोनदा पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हंजी सूनबाईच्या आमटीत काय खोट न्हवती तर."

दसऱ्याला पाहुण्यांसमोर त्यांनी तुझ्या आमटीचा घोट ताटात थुंकला आणि तू ताट उचलून आत गेलीस. तुमच्या लातूरकडची येसराची आमटी त्यांना सोसत नसेल म्हणून तू तिखट कमी केलंस, म्हाताऱ्या माणसाला सोपं जावं म्हणून ती आणखी पातळ केलीस. तरी तेच. माझ्याकडे रविवारी यायचे तेव्हा मात्र पोटभर जेवायचे. मला स्वयंपाकाचा कंटाळा, म्हणून दर वेळी गच्च खिचडी नाहीतर दहीभात. ते घट्ट होतं म्हणून उतरायचं. माझ्या हाताला काही वेगळी चव नव्हती.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. भांडणात दादा तुला म्हणाला होता, "त्यांच्या घशाला काही झालेलं नाही, तुझ्या हातचंच त्यांना नको आहे." त्याच आठवड्यात तू दुसरी खोली बघायला लागलीस. ते वाक्य दादाचं नव्हतं, वहिनी. दसऱ्यानंतर मी अप्पांच्या मानेचा आणि छातीचा एक्स-रे काढला होता. फोटो स्वच्छ आला. कुठल्याही डॉक्टरला न दाखवता मी दादाला फोनवर शब्दशः तेच सांगितलं. बारा वर्षं हे काम करते, म्हणून त्याने विश्वास ठेवला. मंगळवारपासून तीनदा तुझा नंबर काढला आणि फोन ठेवून दिला. दादाला अजून बोललेले नाही, आधी तुला कळायला हवं होतं. अप्पा येत्या रविवारी तुझ्याकडे जेवायला येतो म्हणतात, त्यांना बसमध्ये बसवून देते. मी यावं की नको, ते तू कळव.

तुझीच,
वर्षाली