कार्यमुक्त

३ फेब्रुवारी, सोमवार
पोहोचलो. पारोळ्याच्या पुढे आडवाटेचं गाव, घरोघरी कापसाच्या पऱ्हाटीचे ढीग, आणि शाळेच्या आवारातल्याच माडीवर आम्हा तिघींची सोय. निवृत्तीनंतर मेहरूणच्या तळ्याभोवती फिरून कंटाळले होते, म्हणून धुळ्याच्या एका बी.एड. कॉलेजचं हे काम घेतलं. परदेशी छात्राध्यापिका दोन आठवडे इथल्या शाळेत शिकवणार, मी तिला सांभाळायचं आणि तिच्या सराव पाठांचं निरीक्षण करायचं. कॉलेजच्या दोन मुली तिच्या देशात गेल्या आहेत, त्यांच्या बदल्यात ही इकडे. नाव ओर्ला, आयर्लंडची. भुसावळला मला आयरिश नन्सनी शिकवलं. ही बोलायला लागली की सिस्टरच आल्यासारखं वाटतं, फक्त हातात पट्टी नाही.

तिची जोडीदार शहजादी, पारोळ्याच्या बांगडीवाल्यांची मुलगी, हुशार आणि तोंडाळ. रात्री शेवभाजी होती. ओर्लाच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती अजून वाढा म्हणत होती. शहजादी म्हणाली, मॅडम, हिला आता इथेच सासर बघू.

४ फेब्रुवारी
आज पहिला पाठ शहजादीचा, ओर्लाने मागे बसून बघायचा. मुख्याध्यापिका प्रमिलाबाईंनी पाहुणीसाठी सतरंजी अंथरली. मी विचारलं, खुर्ची नाही का? मागच्या खोलीत हात असलेली एक सागवानी खुर्ची भिंतीकडे तोंड करून, दोरीने बांधून ठेवलेली दिसली. प्रमिलाबाई म्हणाल्या, राहू द्या मॅडम, मोडकी आहे. मी जोर देऊन पाहिलं. कुठेही मोडकी नव्हती. समुद्र ओलांडून आलेल्या मुलीला जमिनीवर बसवायचं आणि खुर्ची भिंतीला दाखवायची, ही कुठली रीत? दोरी कापायला लावली आणि निरीक्षक बसतो तिथे, मागच्या ओळीत, खुर्ची ठेवली.

सगळी चौथी उठून उभी राहिली आणि खुर्चीकडे बघून एका सुरात म्हणाली, नमस्ते बाई. ओर्ला अजून बसली नव्हती. एरवी ही मुलं सगळ्यांना मॅडम म्हणतात. शिस्त चांगली आहे, असं मी टिपून घेतलं.

६ फेब्रुवारी
ओर्ला अहिराणी बोलली. खिडकीत चढलेल्या मुलीला ठसक्यात म्हणाली, आठे बस. वर्ग हसला. मग ती बोलतच राहिली, न अडखळता. शहजादी म्हणाली की यातले कितीतरी शब्द तिने फक्त आजीच्या तोंडून ऐकलेत. कॉलेजला व्हिडिओ पाठवला. प्राचार्य खूश, हीच खरी देवाणघेवाण म्हणाले. प्राचार्यांना खूश व्हायला फार काही लागत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
सकाळची शाळा सुटली. ओर्ला खुर्चीतून उठेना. म्हणाली, यावलची गाडी येऊ द्या, मग निघते. तिला यावल हे नाव कुणी सांगितलं? इथून यावलला थेट गाडीही नाही.

बोलताना तिचा हात सारखा खांद्याकडे जातो. पदर सावरते. अंगात टी-शर्ट आहे.

१० फेब्रुवारी
प्रमिलाबाईंना फैलावर घेतलं. म्हणाल्या, तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी म्हटलं, विचारलंच होतं, तुम्ही मोडकी म्हणालात. मग बोलल्या.

खुर्ची लताबाईंची. लताबाईंचं घर यावलला, नवरा आणि तान्ही मुलगी तिकडे. त्यांची यावलला बदली झाली, पण त्यांच्या जागी दुसरं माणूस रुजू झाल्याशिवाय कार्यमुक्त करता येत नाही, असं ऑफिस म्हणालं. या आडगावात कुणी रुजू होईना. वर्षं गेली. मुलगी आईला ओळखेनाशी झाली. एका दुपारी पिशवी मांडीवर घेऊन त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. तेव्हापासून भरल्या वर्गात जी त्या खुर्चीत बसेल ती त्यांच्या जागी अडकते, असं गावात मानतात.

ऑफिसच्या ढिलाईची भरपाई एका परक्या पोरीने करायची? मी असल्या गोष्टी मानत नाही. मानल्या तरी चालू देणार नाही.

१२ फेब्रुवारी
ओर्लाच्या आईचा फोन. ओर्लाने थोडं ऐकलं, फोन माझ्यापुढे धरला आणि अहिराणीत म्हणाली, बघा ओ बाई, या कोण, त्यांना कोण पाहिजे.

मी तिच्या आईला इंग्रजीत सांगितलं की घसा बसलाय. नन्सनी खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. स्वच्छ जमलं.

शनिवारी तिचं विमान. उद्या गावातून न्यायचं.

१३ फेब्रुवारी
शाळेच्या फाटकापर्यंत आली. फाटकाबाहेर पाय टाकला आणि कोसळली, नखं निळी, श्वास नाही. आम्ही दोघींनी ओढत परत खुर्चीत बसवली तेव्हा रंग आला. शहजादीच्या आईने दुवा फुंकून दम केलेलं पाणी पाठवलं, ते पाजलं. मी सिस्टरांची प्रार्थना म्हटली. काही नाही. दोरीचा तुकडा खुर्चीवर राहिला होता, त्याला काडी लावून पाहिली — फोड ओर्लाच्या दंडावर आला.

एकच म्हणते. माझ्या जागी माणूस येऊ द्या, मग जाते.

बरं. येतं माणूस.

१४ फेब्रुवारी
सकाळी नीट रुजू झाले. वर्गाला सांगितलं, लताबाईंच्या जागी आता मी. प्रमिलाबाई रडत होत्या, त्यांना म्हटलं, रडायचं असेल तर व्हरांड्यात. ओर्लाला उठवलं आणि बसले. वर्ग उभा राहिला. नमस्ते बाई.

ओर्लाने आपल्या हातांकडे बघितलं. मग मला इंग्रजीत विचारलं, सगळे असे का बघताहेत? तीच ती सिस्टरांची इंग्रजी. शहजादीने तिला गाडीत कोंबलं. फाटक ओलांडलं — काही झालं नाही. मागच्या काचेतून हात हलवत गेली.

१६ फेब्रुवारी
शहजादीचा फोन, विमान गेलं, पोरगी घरी पोहोचली. मी फाटकापर्यंत जाऊन पाहिलं. परत आले. ठीक आहे. या पोरांचे पाढे ऐकवत नाहीत, बरंच काम आहे.

लताबाईंनी वाट बघितली, म्हणून त्या अडकल्या. मी वाट बघणार नाही. निवृत्त बाईची बदली कुठलं ऑफिस करतं ते बघूच.

१९ फेब्रुवारी
प्रार्थना म्हणून बघितली. दुसऱ्या ओळीनंतर — सिस्टरांचं नाव काय होतं?

हात खांद्याकडे जातो. मी साडी नेसत नाही.

२१ फेब्रुवारी
कॉलेजचा फोन. पलीकडचा इंग्रजीत काही बोलला — कळलं नाही. प्रमिलाबाईंकरवी सांगितलं, पुढची तुकडी आठे पाठवू नका. इथे. इथे पाठवू नका.

यावलची गाडी केव्हा येते? मला काय करायचंय यावलला. माझं तिथे कोणी नाही.

२४ फेब्रुवारी
खिडकीतून दिसतंय. फाटकाशी शहजादी. मला न्यायला आली, वेडी पोर. वर्गात येतेय.

माझे पाय आपोआप उठताहेत. हात खुर्ची पुसतोय — तिच्यासाठी. तोंडात बस म्हणायचं आलंय. दात आवळलेत. सगळी, बठ्ठा पोरे उभी राहिली, तिच्याकडे बघताहेत —

नाही. डाव्या हाताने खुर्ची धरली. मी उठणार नाही, ही जागा माझी. हाई जागा मनी शे. कोनी बी उनं तरी मी आठेच —