मध्यंतरानंतरचा पिक्चर

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळी ७.१०
आजचा पिक्चर भिकार. नाव लिहून वही खराब करणार नाही. लंडनमध्ये एक तरुण पावसात उभा राहून रडतो. छत्री नाही. एवढ्या मोठ्या शहरात एक छत्री मिळू नये? पहिल्या वीस मिनिटांतच दिग्दर्शकाची लायकी कळली. पुढचा भाग डोळे मिटून ऐकला. साऊंड हा माझा खास विषय. आमच्या 'चित्रमेळा' मंडळातल्या बाकीच्या एक्केचाळीस जणांना हे जमत नाही. ते वाचनालयाच्या हॉलमध्ये दर शनिवारी चार वाजता येतात आणि डोळे उघडे ठेवून बसतात.

निघताना मेडिकलवाला दीपेश म्हणाला, "भाई, आज लय घोरलास." तो प्रोजेक्टरचा पंखा होता.

घरी आलो तर बायकोच्या, तुळसाच्या पिशवीत ताजे बांगडे. पिक्चरला तर पुढे बायकांत बसली होती. मग बांगडे घेतले कधी? बायकांची कामं कधी होतात ते देवालाच ठाऊक.

रविवार, २ नोव्हेंबर. सकाळी
परीक्षण लिहायला बसलो. कथानकाचे किरकोळ तपशील मी तुळसाकडून घेतो. कथानक म्हणजे सिनेमातली कारकुनी. पंचायत समितीत बत्तीस वर्षं कारकुनी केली, आता पुरे.

ती बांगडे कापत होती. म्हणाली, "मगे काय, तो झील कुणकेश्वराच्या जत्रेत इलो. थंय तेका हरवलेली आवस गावली. खाज्याच्या दुकानार."

मी हादरलो. लगेच मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: 'लंडनचा नायक थेट कुणकेश्वरच्या जत्रेत आणून गुळाच्या खाज्याच्या दुकानावर आईशी भेट घालणे हा लेखकाच्या दिवाळखोरीचा कळस होय.'

तेवीस अंगठे. दीपेशने रडेपर्यंत हसणारे चार चेहरे पाठवले. लेखकाची त्यालाही कीव आली असावी.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
महत्त्वाचं. १३ डिसेंबरला मंडळाचा वर्धापनदिन. व्याख्यान: 'सिनेमा कसा पाहावा'. शाल, श्रीफळ. वक्ता ठरवणार सेक्रेटरी, कॉलेजातले मिहीर सर. माझ्याशिवाय आहे कोण?

निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभात माझं भाषण वेळेअभावी रद्द झालं होतं. चार पानं लिहिली होती. अजून कपाटात आहेत. हे कुणाला सांगितलेलं नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर
संकल्प: पिक्चरआधी भात-माशाची कढी बंद, फक्त पेज. पेज तीन वाट्या झाली. आजचा पिक्चर पोलिसाचा. एक इन्स्पेक्टर चाळीस जणांना मारतो आणि शर्टची इस्त्री मोडत नाही. पुढे साऊंड ऐकला.

रविवार, ९ नोव्हेंबर
तुळसाकडून तपशील. इन्स्पेक्टर गुन्हेगाराला पकडायचं की सोडायचं हे ठरवायला ग्रामदेवतेला कौल लावतो म्हणे! मूर्तीला चिकटवलेली उजवी पाकळी पडते, म्हणून सोडून देतो. मी लिहिलं: 'पोलीस खाते पाकळ्यांवर चालत असेल तर ठाणी बंद करून देवळे उघडा.' एकतीस अंगठे. ग्रुपात आता साठ माणसं. कणकवली, कुडाळ इकडूनही येऊ लागलीत. मिहीर सरांनी स्वतः फोन करून सांगितलं की लोक पिक्चरपेक्षा माझ्या परीक्षणाची जास्त वाट बघतात. साहजिक आहे.

वर्धापनदिनासाठी झब्बा शिवायला टाकला.

शनिवार, १५ नोव्हेंबर
इराणी पिक्चर. एक म्हातारा खिडकीतून बघतो. तो बघतो म्हणून आपणही बघायचं. संकल्प केला होता की आज हाताच्या खुर्चीत न बसता स्टुलावर बसायचं. स्टुलावरून पडलो. सभागृहाची फरशी निसरडी आहे, कळवलं पाहिजे.

रविवार, १६ नोव्हेंबर
भयंकर! तुळसा सांगते की शेवटी त्या खिडकीतून संकासूर उडी मारून आत येतो. आमच्या दशावतारातला संकासूर! काळा झगा, लांब टोपी, सगळं तेच. ही उघड चोरी. ग्रुपवर निषेध नोंदवला. इराणी वकिलातीला पाठवायचं पत्र तयार केलं, जावक क्रमांक घालून. सह्यांसाठी तीन प्रती. तुळसा म्हणाली, "अहो, पत्र कित्या? ऱ्हवांदे." ही भोळी.

बुधवार, १९ नोव्हेंबर
सतरा सह्या. प्रत्येकजण सही करताना तोंडावर रुमाल धरत होता. थंडी पडू लागली आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर. दुपारी
मिहीर सर घरी आले. विचारू लागले, "भाई, संकासूर नेमका कितव्या मिनिटाला आहे? मी तो पिक्चर तीनदा पाहिलाय." मी म्हणालो, सर, झोप लागली असेल, या वयात होतं. ते छत्तीस वर्षांचे आहेत. त्यांनी मोबाईलवर शेवटची वीस मिनिटं लावून दिली. म्हातारा खिडकी बंद करतो. संपलं. मी म्हणालो, सेन्सॉरची प्रत दिसते.

ते गेल्यावर तुळसाला उभं केलं. लाजली नाही, काही नाही. म्हणाली, "अहो, साडेपाचाक होड्ये येतत. दांड्यार, किनाऱ्यार माशांचो लिलाव सुरू होता. मध्यंतर झाला की मी थंय जातंय. नायतर तुमका ताजो बांगडो खंयसून गावतलो?"

मग पुढची गोष्ट?

"रचलंय. बाबा माझे दशावतारात राजा होयत. तेंका कोणी लिवन देय होतो? गोष्ट ठरवून उभे ऱ्हवले की बोलणा आपसूक येय. तुम्ही विचारतास, मगे गप कशी ऱ्हवू?"

म्हणजे ती आई, ते खाजं, तो कौल, सगळं बांगडे कापताना. बत्तीस वर्षं खोटी बिलं पकडली. घरात एक पकडता आलं नाही. जेवलो नाही. बांगडा होता, म्हणून नंतर थोडा खाल्ला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
प्रतिष्ठा वाचवलीच पाहिजे. ग्रुपवर खुलासा टाकला: 'मध्यंतरानंतरच्या तपशिलांत ज्या त्रुटी आढळल्या त्या माझ्या नसून, घरातील सहायकाने त्या स्वतःच्या मनाने रचलेल्या आहेत. परीक्षकाची दृष्टी अबाधित आहे.' भाषा चोख. विषय संपला.

शनिवार, २२ नोव्हेंबर
विषय संपला नाही. एकशे चार उत्तरं. 'सहायक म्हणजे तुळसावैनी?' 'संकासूर वैनींचो?' दीपेशने लिहिलं, 'वैनी, माका एक पिक्चर सांगा.' पिक्चरला गेलो नाही. त्यांना माझी किंमत नाही.

मंगळवार, २ डिसेंबर
मिहीर सर पुन्हा आले. मी नवा झब्बा घालून बसलो होतो. ते थेट स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि तिला विचारलं. व्याख्यान रद्द. त्याऐवजी मंडळ एका पिक्चरचा पहिला भाग दाखवणार, दुसरा भाग तुळसा सांगणार.

तुळसा म्हणाली, "मी? अगो बाई! पण शनवारी लिलाव आसा." सर म्हणाले, मासे मंडळ आणील.

मला प्रास्ताविक. दोन मिनिटं. मी सांगितलं, विचार करतो. लगेच हो म्हणालो.

शुक्रवार, १२ डिसेंबर
संकल्प: उद्या जेवण नाही. कोरा चहा, तीन कप. पहिल्या रांगेत, टेक न घेता. तिचं काय चुकतं ते टिपायला छोटी वही. निरोपाच्या भाषणाच्या चार पानांतली दोन मिनिटं निवडून पाठ केली.

रविवार, १४ डिसेंबर. सकाळी ९.३०
कालचा कार्यक्रम. प्रास्ताविक उत्तम झालं, अकरा मिनिटं. हॉल भरलेला, जिन्यावरही माणसं. पिक्चरचा पहिला भाग टुकार. मग तुळसा उठली, पदर खोचला, हात वर करून राजाची एंट्री घेतली. आवाज इतका मोठा असेल असं वाटलं नव्हतं. मी डोळे मिटले. साऊंडसाठी.

छोट्या वहीत एकच शब्द आहे: 'पदर'.

घरी कसा आलो ते दीपेशला विचारायचं आहे. आता तुळसा बांगडे कापते आहे. सहज विचारलं, पुढे काय झालं?

"मगे काय, मिहीर सरांनी तुमका उठवून स्टेजार नेल्यानी. शाल घातल्यानी. तुम्ही कागद काढून वाचलास. चारव पाना. कोणी खोकाक नाय. शेवटी अख्खो हॉल उभो ऱ्हवलो. दीपेश रडत होतो."

लिहून घेतलं. मग शाल शोधली. देव्हाऱ्याशेजारी एकच आहे, हिरवी, तिच्यावर कार्ड: सौ. तुळसा. माझी चार पानं कपाटात जिथल्या तिथे, परवा घातलेली घडीही मोडलेली नाही.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. कपाट लावलं. मग परत स्वयंपाकघरात गेलो आणि विचारलं, मी वाचलं तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या कुठल्या वाक्याला पडल्या?

ती म्हणाली, "जरा थांबा. ह्यो बांगडो कापतंय आणि सांगतंय."

पेन उघडून बसलो आहे.