कासवाच्या पोटाखाली

३ डिसेंबर

पोचले एकदाची! कासवांचे फोटो काढायला ये, असा जुन्या मैत्रिणीचा, जाबूचा, निरोप आला आणि लगेच निघाले. बोटीत दोनदा ओकले, पण कॅमेऱ्याची पेटी पोटाशी धरून कोरडी आणली. जाबू किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात माझी वाट बघत उभी होती. चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं, आणि आता बया मिठी सोडायला तयार नाही. म्हणाली, झैतुने, आलीस! मला वाटलं, मालिंदीची शहरी माणसं आता आम्हा बेटावरच्यांना ओळखही देत नाहीत. मी म्हटलं, नवरीमुलींचे फोटो काढून पोट भरतं गं, पण जीव विटलाय. कासवं बरी. रुसत नाहीत, आणि त्यांच्या आया मागे उभ्या राहून मला शिकवत नाहीत.

कोंबोचा, तिच्या नवऱ्याचा, विषय मीच काढला. दक्षिणेचा वारा जोरात होता तेव्हा त्याची होडी उलटली, प्रेतही मिळालं नाही. त्यांच्या लग्नात दिवसभर फोटो काढत होते मी. जाबू रडली नाही. नारळाच्या रसातल्या माशाचे काटे काढून माझ्या ताटात वाढत राहिली. एवढं होऊन गेल्यावर हिला माझीच आठवण झाली, या विचाराने मला भरून आलं.

४ डिसेंबर

जाबूचे वडील, लालीबाबा, होडीतून प्रवाळाच्या आतल्या बाजूला घेऊन गेले. पाणी आरशासारखं. होडीच्या तळाला त्यांनी एक चिकट्या मासा पाळलाय. पूर्वी याच्या शेपटीला दोर बांधून सोडत. तो डोक्यावरच्या आडव्या कडांनी कासवाला असा चिकटे, की दोर ओढला की कासव हाती. आता कासव धरायला बंदी. बाबा म्हणाले, हा नुसता बसून खातो, जावयासारखा. मग एकदम तोंड फिरवून वल्हं मारू लागले.

आणि ती दिसली! हिरवी कासवीण, दाराच्या फळीएवढी पाठ, समुद्रगवतात निवांत चरत होती. तोंडातून गवताचे तुकडे निसटत होते आणि बारके मासे ते टिपत होते. मी खाली जात होते, फोटो काढत होते, श्वासाला वर येत होते. तिला माझी फिकीर नव्हती. इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

जाबू होडीतून सारखी ओरडत होती, पाठीला हात लाव, पहिल्या भेटीत लावायचा असतो. रानातल्या जिवाला मी कधी हात लावत नाही. पण तिने पिच्छाच पुरवला, म्हटलं, यजमानीणबाईंचं मन कशाला मोडा. तळवा टेकवला. हात सुटायला जरा वेळ लागला, बस.

५ डिसेंबर

दुपारी सावलीत बसून फोटो मोठे करून पाहिले. कासविणीच्या पोटाखाली काहीतरी फिकट लोंबतंय. वाटलं, चिकट्या असेल. अजून मोठं केलं.

माणूस आहे. कपाळ तिच्या पोटाला चिकटलेलं. हात सैल. डोळे उघडे.

कोंबो आहे. तो चेहरा मी चुकणार नाही.

जाबूला दाखवावं की नाही, तासभर ठरेना. शेवटी दाखवला. ती घेरी येऊन पडेल म्हणून तिला धरायला सरसावले. तिने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला, खूप वेळ पाहिलं आणि विचारलं, खूपच वाळलाय का गं?

६ डिसेंबर

तिने सगळं सांगितलं. कणीक मळता मळता. ती कासवीण एकाला धरून ठेवते; बुडताना कोंबोने तिचाच आधार घेतला. दुसऱ्या कुणी हात लावला आणि ते तिला पुरतं चिकटलं, की आधीच्याला सोडते. बेटावरचं कुणी तिला हात लावणार नाही, पोरंसोरंसुद्धा जाणतात. बाहेरचं माणूस हवं होतं.

मी विचारलं, मीच का?

म्हणाली, माझ्या एका हाकेवर दुसरं कोण धावत आलं असतं?

तळव्यावर आडव्या कडा उठल्यात, फणीच्या दातांसारख्या. बाबांना म्हटलं, मला आत्ताच्या आत्ता पलीकडे सोडा. पाया पडले. ते माशाला चारा घालत राहिले, माझ्याकडे बघेनात.

७ डिसेंबर

मोबाइल जाबूकडे. शेजारणींची दारं ठोठावली — कडी लावून घेतात. एकीच्या दाराला तळवा चिकटला. ओढून काढला, कातडं तिथेच राहिलं. दुखलं नाही. दुखायला हवं होतं.

पाय आपोआप पाण्याकडे वळतात. विहिरीचं पाणी घशाखाली उतरत नाही, खारं उतरतं.

जाबू मला भरवायला आली. मी थुंकले तिच्यावर. तिने तोंड पुसलं, म्हणाली, शिव्या दे, हव्या तेवढ्या दे, मला माझा माणूस हवाय. मैत्रीण म्हणत होते मी हिला —

८ डिसेंबर, सकाळ

डाव्या हाताने लिहितेय. उथळ पाण्यात बसलेय. कधी आले आठवत नाही, कॅमेरा गळ्यातच आहे. कासवीण शेजारी आहे. उजवा हात तिच्या पाठीवर — निघत नाही —

जाबूने हातांना मेंदी लावलीय. नवा छापील लेसो कमरेला नेसलीय. त्याच्यासाठी.

कोंबो सुटला. रांगत वाळूवर — आता उभा राहिला — ती धावली, माझ्या अंगावरूनच —

हाक मारली. जाबू, निदान माझ्याकडे एकदा बघ —

बघितलं. हसली. त्याला कवेत धरून म्हणते, झैतुने, थोडा वेळ आहे ना अजून, आमचा दोघांचा एक फोटो —

आणि उभी राहिलीय तशीच, केस सारखे करत, मी वही ठेवून कॅमेरा